कोल्हापुरात पहिल्यांदा पेस्ट कंट्रोल करून घेताय? फोन लावायच्या आधी हे वाचा

पेस्ट कंट्रोल म्हणजे पाठीवर पंप लावलेला माणूस येणार, घरभर वास सुटेल असं काहीतरी मारणार, आपण चार तास मावशीकडं जाऊन बसायचं आणि परत आलो की घर साफ, असं चित्र डोक्यात असेल तर जरा थांबा. झुरळाचं औषध वाळवीला चालत नाही, वाळवीचं ढेकणाला चालत नाही आणि उंदराला तर फवाऱ्यानं काही फरकच पडत नाही. नवीन फ्लॅट घेतलेले, भाड्यानं आलेले, शिक्षणासाठी रूम करून राहिलेले लोक पहिला प्रश्न विचारतात तो "किती घेईल?" आणि समोरचा पण खुशाल फोनवरच रेट सांगून मोकळा होतो. कुठली कीड आहे हे न विचारता रेट सांगणाऱ्याला तिथंच नमस्कार करा. आमच्या घरात झुरळं, वाळवी, उंदीर सगळे पाहुणे होऊन गेलेत, म्हणून क्रमानं लिहितोय.

१. टॉर्च घ्या आणि आधी कीड ओळखा

रात्री सगळं आवरून झोपल्यावर तासाभरानं उठा आणि स्वयंपाकघरात एकदम लाईट लावा. ओट्यावरनं पळणारी झुरळं लहान, फिकट तपकिरी आणि मानेवर दोन काळे उभे पट्टे असलेली असतील तर ते जर्मन झुरळ. हे घरातच जन्मतं, घरातच मरतं. ट्रॉलीच्या चॅनेलमध्ये, बिजागरीत, फ्रिजच्या मोटरजवळ, मिक्सरच्या बुडाखाली, जिथं ऊब आणि ओल आहे तिथं. मोठं, लालसर, कधीकधी उडणारं असेल तर ते अमेरिकन झुरळ, ते ड्रेनेजमधनं वर येतं. नावावर जाऊ नका, दोन्ही आता पक्की कोल्हापूरकर झालीत. पण फरक महत्त्वाचा आहे कारण पहिल्याला जेल, म्हणजे ठिपक्यांनी लावायचं खाण्यातलं विष, लागतं आणि दुसऱ्याला चेंबर, जाळ्या आणि पाईपची भोकं बघावी लागतात.

लाकडाचं पण तसंच. चौकटीवर किंवा भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या चढलेल्या दिसल्या, लाकडावर टकटक केल्यावर पोकळ आवाज आला तर वाळवी. माती नाही, पण लाकडाला गोल बारीक भोकं आहेत आणि खाली पिठासारखी पावडर पडतीय तर तो लाकूड पोखरणारा किडा, त्याला जमिनीत औषध घालून काही उपयोग नाही, लाकडावरच काम करावं लागतं. बांबूच्या आणि स्वस्तातल्या फर्निचरमध्ये हा जास्त.

वळवाचा पाऊस झाला की संध्याकाळी ट्यूबलाईटभोवती पंखवाले किडे जमतात. ते वाळवीचे की मुंग्यांचे हे कळायची खूण सांगतो. वाळवीचे चारही पंख सारखे लांब असतात, कंबर जाड, मिशा सरळ. मुंगीचे पुढचे पंख मोठे, मागचे छोटे, कंबर एकदम बारीक आणि मिशा कोपरात वाकलेल्या. बाहेरनं दोनचार आले म्हणून घाबरायचं कारण नाही पण घरातल्याच भिंतीच्या फटीतनं किंवा स्कर्टिंगमधनं बाहेर पडत असतील, सकाळी पंखांचा खच तिथंच पडला असेल, तर वाळवी घराखाली आहे असं समजून चला.

ढेकणासाठी गादीची शिवण, पलंगाचे सांधे, प्लायच्या मागची बाजू बघायची. काळे बारीक ठिपके दिसतात, शाईच्या पेनाची निब टेकवल्यासारखे. उंदराच्या लेंड्या बघा, तांदळाएवढ्या असतील तर घरातला छोटा उंदीर, त्यापेक्षा बऱ्याच मोठ्या असतील तर मोठा उंदीर किंवा घूस, आणि घूस असेल तर बाहेर उकरलेल्या मातीचे ढीग पण दिसतीलच. चिचुंद्री उंदीर नव्हे बरं का, ती किडे खाते, तिच्या मागं विष घेऊन लागायची काही गरज नाही, दाराखालची फट बंद केली की विषय संपला.

सगळ्याचे फोटो काढून ठेवा. आणि वाळवीच्या नळ्या झाडूनं पुसून टाकू नका, तपासणीला येणाऱ्याला त्या जशाच्या तशा दिसल्या पाहिजेत. घर बघायला येणार म्हणून आपण आधी सगळं लख्ख करतो आणि मग तो म्हणतो "कुठाय वाळवी?"

२. इथलं वर्ष थंडीवर चालत नाही

नेटवर शोधलं की निम्मी माहिती कॅनडा, अमेरिका, युरोपातल्या लोकांची असते. तिकडं हिवाळ्यात बाहेर सगळं गोठतं म्हणून उंदीर आणि काही किडे उबेला घरात घुसतात, त्यामुळं ते लोक थंडी पडायच्या आधी फटी बुजवून घेतात, आणि थंडीत बाहेरची कीड बऱ्यापैकी शांत असते. काहीजण ढेकणाचं सामान उणे १८ अंशाला चार दिवस ठेवायला सांगतात, ते बरोबरच आहे, पण आपल्याकडं जानेवारीतल्या पहाटे स्वेटर घालून रंकाळ्यावर फिरायला गेलो तरी पारा १४-१५ च्या आसपास. एवढ्या थंडीनं ढेकणाला सर्दीपण होणार नाही. म्हणजे कीड इथं बारा महिने चालू, फक्त पाळ्या बदलतात.

मेच्या शेवटापासून जूनपर्यंत वाळवीचे पंखवाले. पावसाळा लागला की ड्रेनेज भरतं आणि मोठी झुरळं, गोम असलं काय काय वर येतं. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी आणि मग ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली की नदीकाठच्या पेठांमध्ये उंदीर, घुशी आणि त्यांच्या मागं साप पण उंच जागा शोधत घरात येतात, २०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्यांनी घरं साफ केलीत त्यांना हे वेगळं सांगायला नको. पुराच्या पाण्यात उंदराचं मूत मिसळलेलं असतं आणि त्यातनं लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार होतो, पायाला जखम असेल तर बूट घातल्याशिवाय गाळात उतरू नका आणि नंतर ताप आला तर डॉक्टरांना पाण्यात उतरल्याचं आधी सांगा. साप दिसला तर सर्पमित्र, तिथं पेस्ट कंट्रोलवाल्याचं काम नाही.

आणि आपला खरा हिवाळी सीझन म्हणजे ऊसतोड. फड रिकामा झाला की त्यातले उंदीर बांधावरनं वस्तीत येतात. फुलेवाडी, कळंबा, पाचगाव, उजळाईवाडी अशा कडेच्या भागात ज्यांच्या मागच्या बाजूला ऊस आहे त्यांनी तोड सुरू व्हायच्या आधीच दिवाळीच्या साफसफाईत भोकं बुजवून घ्यावीत. थंड देशातला सल्ला असा वेगळ्या वाटेनं इथं पण लागू पडतो.

३. पैसे देण्याआधी घरची कामं

ही कामं केली नाहीत तर कितीही भारी कंपनी आणा, सहा महिन्यात पुन्हा तेच.

छोटा उंदीर साधारण ६ मिलिमीटरच्या फटीतनं आत येतो, म्हणजे पेन्सिल जाते तिथनं तो जातो असं धरा. एसीच्या पाईपचं भोक, गॅसच्या पाईपचं भोक, सिंकखालचा ड्रेन पाईप भिंतीत जातो ती जागा, न्हाणीची जाळी, दाराखालची फट. फोम किंवा कापडाचे बोळे कोंबू नका, तो कुरतडतो. तारेची जाळी आत घालून वर सिमेंट किंवा एम-सील लावा. न्हाणीच्या जाळीखाली पाणी थांबणारा ट्रॅप आहे का बघा, बरेच दिवस न वापरलेल्या बाथरूममधला ट्रॅप कोरडा पडतो आणि झुरळांना रस्ता मोकळा होतो, आठवड्यातनं एकदा तांब्याभर पाणी ओतलं तरी पुरतं.

ओट्याखाली पुठ्ठ्याचे खोके साठवायचे बंद करा. सिंक रात्री कोरडं. गळका नळ दुरुस्त करा, झुरळाला खाण्यापेक्षा पाण्याची गरज जास्त असते. भिंतीला ओल असेल तर वाळवीला आमंत्रणच.

धान्याबद्दल थोडं. सालाचं धान्य भरायची पद्धत आपल्याकडं अजून आहे, लक्ष्मीपुरीतनं एकदम पोती येतात. कडक ऊन द्या, पूर्ण गार होऊ द्या आणि मग कोरड्या डब्यात भरा, तूरडाळीला एरंडेल लावा. कांदा-लसूण चटणीत सुद्धा किडा पडतो, बरणी ओली नको आणि चमचा ओला नको. पण धान्यात सेल्फॉसच्या गोळ्या टाकायचा सल्ला कुणी दिला, मग तो गावाकडचा काका का असेना, ऐकू नका. ॲल्युमिनियम फॉस्फाईड आहे ते, त्यातनं फॉस्फिन वायू निघतो, बंद खोलीत झोपलेली माणसं जातात आणि त्यावर उतारा नाही. घरगुती वापराला ते विकायलाच परवानगी नाही.

४. कुणाला बोलवायचं आणि काय विचारायचं

कीटकनाशक कायदा १९६८ चा, त्याखालचे नियम १९७१ चे, त्यानुसार धंदा म्हणून पेस्ट कंट्रोल करणाऱ्याला परवाना लागतो आणि तो राज्याच्या कृषी खात्याकडनं मिळतो. दुकानाचं लायसन्स वेगळं, जीएसटी नंबर वेगळा, हे दाखवून लोक वेळ मारून नेतात. "कीटकनाशक परवान्याचा फोटो पाठवा" एवढंच म्हणा. चांगला माणूस लगेच पाठवतो.

मग हे विचारा:

- तपासणीला प्रत्यक्ष येणार का? वाळवी असेल तर न बघता दिलेला रेट घेऊ नका.
- औषधाचं नाव काय, किती टक्के? नुसतं "हर्बल आहे, बिनवासाचं आहे" हे उत्तर नव्हे. झुरळाचं जेल बहुतेक वेळा फिप्रोनिल ०.०५ टक्के किंवा इमिडाक्लोप्रिड २.१५ टक्के असतं, ते बिनवासाचं असतं पण हर्बल मुळीच नसतं.
- बाटली सीलबंद आणून समोर फोडणार का? घरनंच पाणी मिसळून आणलेल्या कॅनमध्ये काय आहे ते देवालाच माहीत.
- किती वेळा येणार, गॅरंटी किती महिन्यांची, आणि त्या काळात परत झालं तर फुकट येणार का?
- रेट कशावर? झुरळाचा साधारण वन बीएचके टू बीएचके असा असतो, वाळवीचा चौरस फुटावर किंवा भोकांच्या रनिंग फुटावर, म्हणजे भोकांच्या ओळीच्या लांबीवर. जीएसटीवाली कंपनी असेल तर वर १८ टक्के लागतात, ते धरून विचारा.

लेबलवर एक तिरका चौकोन असतो, त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग बघा. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा आणि हिरवा सगळ्यात सौम्य. घरात लाल रंगाचं काही मारायला आणलं तर दारातनंच परत पाठवा. आणि जुने लोक नुवान मागतात, त्यातलं डायक्लोरव्हॉस भारतात ३१ डिसेंबर २०२० पासून बंद आहे, कुणी "माझ्याकडं जुना स्टॉक आहे, एकदम जालीम" म्हणाला तर त्याला पण परत.

भाड्याचं घर असेल तर खर्च कुणाचा हे करारात बघा. नसेल लिहिलेलं तर मालकांना फोटो पाठवून आधी बोलून घ्या, वाळवीसाठी फरशीला भोकं पाडावी लागतात, ती परवानगीशिवाय पाडली तर डिपॉझिटमधनं गेलीच म्हणून समजा. सोसायटीत असाल तर चेंबर आणि डक्टचं काम सगळ्यांनी मिळून करा, एकट्यानं केलं की झुरळं शेजारी जातात आणि महिन्याभरानं शेजाऱ्यांना घेऊन परत येतात.

५. कुठल्या किडीला काय करतात

*झुरळ.* जेलचे बारीक ठिपके बिजागरी, कोपरे, फ्रिजमागं लावतात. झुरळ ते खातं, बिळात जाऊन मरतं, त्याची विष्ठा आणि मेलेलं झुरळ दुसरी खातात आणि ती पण मरतात. म्हणून जेलवर बाजारातला स्प्रे मारायचा नाही, लक्ष्मणरेखा ओढायची नाही, फिनेलनं पुसायचं नाही, वासानं ती जेलकडं फिरकतच नाहीत. पहिल्या दोनतीन दिवसात दिवसाढवळ्या झिंगलेली झुरळं बाहेर येऊन पडतात, तेव्हा "अहो वाढलीत की उलट" म्हणून भांडायला फोन करू नका, ते काम होत असल्याचं लक्षण आहे. जर्मन झुरळाची मादी अंड्यांची पिशवी पिल्लं निघायच्या वेळेपर्यंत अंगावर घेऊन फिरते, एका पिशवीत ३० ते ४० अंडी, त्यामुळं दोनतीन आठवड्यानं दुसरी फेरी पाहिजेच. वास आला नाही म्हणजे पैसे वाया गेले असं घरातली मोठी माणसं म्हणतात, त्यांना हे समजावून सांगा, सांगायला थोडा वेळ लागतो.

*वाळवी.* इथं सगळ्यात जास्त पैसे जातात आणि सगळ्यात जास्त फसवणूक पण इथंच. जमिनीतली वाळवी दिसते चौकटीवर पण राहते मातीत, म्हणून चौकटीवर औषध मारून ती जात नाही, वाट बदलून दुसरीकडनं येते. त्यासाठी भारतीय मानक आहे, आयएस ६३१३, त्याचा भाग २ नवीन बांधकामासाठी आणि भाग ३ बांधून झालेल्या घरासाठी. बांधलेल्या घरात भिंत आणि फरशी जिथं मिळते तिथं साधारण १२ मिलिमीटरची भोकं एकेका फुटावर पाडतात, प्रत्येक भोकात एक लिटरपर्यंत औषधाचं पाणी सोडतात आणि वरनं पांढऱ्या सिमेंटनं बुजवतात. औषध इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के, बायफेन्थ्रिन किंवा क्लोरपायरीफॉस असतं. तुम्ही फक्त उभं राहून तीन गोष्टी बघा: भोकांमधलं अंतर फुटाचंच आहे ना, प्रत्येक भोकात औषध जातंय ना, आणि मोजून मिसळतोय ना. दुपारच्या जेवणानंतर अंतर फुटावरनं दीड फुटावर कसं जातं ते बघण्यासारखं असतं.

ड्रिल लावायच्या आधी कन्सील पाण्याचे पाईप आणि वायरिंग कुठनं गेलंय ते दाखवा, प्लंबरचा नकाशा नसेल तर आधीच्या मालकांना विचारा. नवीन घर बांधत असाल तर पाया आणि जोत्याच्या टप्प्यावरच हे करून घ्या, तेव्हाचा खर्च नंतरच्यापेक्षा कितीतरी कमी आणि फरशी फोडायची भानगड नाही. पेठेतल्या जुन्या मातीच्या भिंती आणि लाकडी तुळया असलेल्या घरांना मात्र सरधोपट रेट देणाऱ्याच्या नादाला लागू नका, तुळईचं टोक जिथं भिंतीत शिरतं तिथं तपासणी झालीच पाहिजे.

*ढेकूण.* एका फेरीत जात नाहीत. अंड्यावर औषध नीट लागत नाही आणि पिल्लं साधारण आठ-दहा दिवसात बाहेर येतात, म्हणून दहा ते पंधरा दिवसांनी दुसरी फेरी ठरवूनच घ्या. चादरी, उशांचे अभ्रे कडक गरम पाण्यात. गादी गच्चीवर उन्हात टाकली की ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतात, नुसत्या उन्हावर भागत नाही. जुना पलंग विकत आणणार असाल तर सांधे बघून आणा.

*उंदीर.* आधी भोकं, मग पिंजरा किंवा चाप, विष सगळ्यात शेवटी. विष ठेवायचंच तर ब्रोमॅडिओलोनचं, आणि ते पण बंद बेट बॉक्समध्ये (विषारी आमिष ठेवायची पेटी), कुत्र्या-मांजराच्या तोंडाबाहेर. त्यावर निदान व्हिटॅमिन के१ हा उतारा तरी आहे. दुकानात ट्यूबमध्ये मिळणारी पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट घरात आणूच नका, लिव्हर जातं आणि उतारा नाही, लहान मूल असलेल्या घरात तर नावच काढू नका. विष खाऊन उंदीर माळ्यावर मेला तर तो वास किती दिवस राहतो ते ज्यांनी घेतलाय त्यांना विचारा.

मुंग्यांना स्प्रेपेक्षा बेट, म्हणजे विषारी आमिष, बरं, गुळाची ढेप बंद डब्यात ठेवली तर निम्मा प्रश्न तिथंच मिटतो. डासांसाठी पेस्ट कंट्रोलवर पैसे घालू नका, आठवड्यातनं एक दिवस सगळी भांडी, कूलर, कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या करून कोरड्या करा. प्लगला लावायचं अल्ट्रासॉनिक यंत्र घेऊ नका, अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २००१ मध्येच असल्या यंत्रांच्या ६० हून जास्त उत्पादक आणि विक्रेत्यांना दाव्यांबद्दल ताकीद दिली होती, तरी आपल्याकडं सेलमध्ये ती खपतातच.

६. आदल्या दिवशीची तयारी

- ट्रॉल्या आणि ओट्याखालचं कपाट रिकामं, भांडी चादरीखाली झाकून हॉलमध्ये
- पिण्याचं पाणी, माठ, धान्याचे डबे बंद
- माशांची टाकी असेल तर दुसरीकडं हलवा, नाही जमलं तर झाकून हवेचा पंप बंद, फवाऱ्यात असणारं सिंथेटिक पायरेथ्रॉइड हे कीटकनाशक माशांना फार घातक
- मांजर, पक्षी, लहान बाळ, गरोदर बाई, दम्याचा पेशंट यांची त्या दिवशीची सोय दुसरीकडं
- टॉर्च, जुनी वर्तमानपत्रं, हातमोजे, आधी काढलेले फोटो
- कुठं कीड दिसली त्याची यादी कागदावर, तोंडी सांगताना दोन जागा विसरतातच

फवारा असेल तर लेबलवर लिहिलेल्या वेळेपर्यंत घर बंद आणि परत आल्यावर खिडक्या उघडून पंखे लावून तासभर तरी हवा खेळू द्या. फरशी मधनं पुसायला हरकत नाही, पण भिंतीच्या कडेची पट्टी आणि जेलच्या जागा दोनतीन आठवडे सोडून द्या. कामवाल्या मावशींना हे आधी नीट सांगा, नाहीतर त्या बिचाऱ्या मन लावून सगळं जेल पुसून काढतात.

कुणाला चक्कर, उलटी, श्वासाचा त्रास झाला तर उघड्या हवेत न्या, १०८ ला फोन करा किंवा सीपीआर या सरकारी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या, आणि औषधाची बाटली किंवा लेबलचा फोटो सोबत घ्या. उलटी करवायच्या भानगडीत पडू नका, मीठ-पाणी वगैरे काही पाजू नका.

७. काम झाल्यावर हातात काय काय पाहिजे

- पक्कं बिल, त्यावर तारीख, कुठली कीड, औषधाचं नाव
- गॅरंटी कार्ड, त्यात किती महिने आणि कुठले भाग ते लिहिलेलं
- पुढच्या फेरीची तारीख, तोंडी नको
- परवान्याचा आणि औषधाच्या लेबलचा फोटो

वर्षभराच्या करारात "जनरल पेस्ट कंट्रोल" असं लिहिलेलं असतं, त्यात बहुतेक वेळा झुरळं आणि मुंग्याच येतात, वाळवी, ढेकूण, उंदीर नसतात, सही करायच्या आधी नावं लिहून घ्या. गॅरंटीच्या काळात परत कीड दिसली तर फोनवर वाद घालत बसू नका, फोटो काढा, त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर बिलाच्या फोटोसकट पाठवा आणि येणार कधी ते लिहून मागा. वाळवीची गॅरंटी असेल तर ती संपायच्या आत एकदा जूनमध्ये सगळ्या चौकटी आणि माळ्याचे कोपरे टॉर्चनं बघून घ्या, कारण त्या महिन्यात दिसलं नाही तर पुढं वर्षभर लक्ष जात नाही आणि तोपर्यंत कार्डावरची तारीख उलटून जाते.